जुझिना अक्कोरूंनी दडवलेलं पुस्तक

शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अक्कोरू म्हणतात, आणि आमच्या बेणकोप्पच्या जुझिना अक्कोरू चोवीस वर्षं पोरांना खोटं वाचून दाखवत होत्या. अक्कोरू म्हटलं तरी ती आमच्यातलीच, कैतान सिद्द्याची थोरली. आम्ही सिद्दी, कधीकाळी आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, इथल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. तेव्हा इथे तिला आपली जुझिनाच म्हणूया.

पुस्तकात लिहिलेलं असायचं, राजू आणि कमला आजोबांच्या मळ्यात गेले. जुझिना वाचायची, बस्त्याव आणि रोजा आनामायच्या काजूच्या बागेत गेले. पुस्तकातला राजपुत्र पांढऱ्या घोड्यावरून यायचा. जुझिनाचा राजपुत्र मध काढायला जांभळीच्या शेंड्यावर चढलेला असायचा आणि उतरताना त्याची चड्डी फांदीत अडकलेली असायची. राजकन्येचं नाव काय? त्या दिवशी जी पोर रडत शाळेत आली असेल तिचं. पोरं आ वासून ऐकायची. "अक्कोरू, चित्र दाखवा ना," कुणी म्हटलं की ही पुस्तक छातीशी घट्ट धरायची. "चित्र मागाहून. आधी गोष्ट." चित्रातल्या एकाचेही केस आमच्यासारखे कुरळे नव्हते, दाखवणार काय डोंबल?

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं. तिसरीपासून ती लांबच्या एका हॉस्टेलात होती. सिद्द्याची पोर एकटी हीच. बाकीच्या पोरी तिच्या केसांत पेन्सिल खोचायच्या आणि पेन्सिल पडत नाही म्हणून टाळ्या पिटायच्या. नाटकात दर वर्षी ही राक्षसीण. "हिला रंग लावायला नको, खर्च वाचला," असं म्हणायचे आणि सगळे हसायचे, आणि खरं सांगायचं तर तीही हसायची, कारण न हसून जाते कुठे? एका दुपारी तिनं पेन्सिल घेतली आणि वाचनाच्या पुस्तकातल्या झाडून सगळ्या बायकांचे केस कुरळे करून टाकले. बेचाळीस बायका आणि एक राणी. पुस्तक हॉस्टेलचं होतं. दिवसभर उन्हात उभी केली तिला.

पुढे ती शिकली, अक्कोरू होऊन आपल्याच गावात परत आली, आणि पुस्तकांच्या मागे लागली ती लागलीच. मे महिन्यात बायका माहेरी जातात, ही धारवाडला जायची. दुकानात विचारायची, "आमच्या पोरांसारखी पोरं आहेत असं काही आहे का हो?" दुकानदार तिला वरून खालपर्यंत न्याहाळायचा आणि आफ्रिकेतल्या सिंहांचं पुस्तक काढून द्यायचा. "अहो, मी हल्याळ तालुक्यातली आहे," असं ती सांगायची आणि तरी ते सिंहांचं पुस्तक घ्यायची, कारण वर्गातल्या शेंबड्या पावलूच्या मोठ्या भावाला जनावरांचं वेड होतं. कुठल्या पोराच्या हातात कुठलं पुस्तक दिलं म्हणजे ते जेवायला उठणार नाही, हे तिला बरोबर कळायचं. असं एखादं पोर पुस्तकात बुडलं की तिच्या तोंडावर जे काही यायचं ते बघायला हवं होतं. पोटच्या पोरानं दुसऱ्यांदा भात मागितल्यावर आईचं तोंड होतं तसं. पोटचं पोर तिला नव्हतं. लग्नच केलं नाही तिनं.

खोटं मात्र कधी ना कधी पकडलं जायचंच. पोर अक्षरं लावायला शिकलं की एक दिवस पुस्तकात डोकावायचं आणि ओरडायचं, "अक्कोरू, इथे बस्त्याव नाहीच!" मग सगळा वर्ग खो खो हसायचा, जुझिना जीभ चावायची, आणि ते पोर मोठ्यांच्यात जमा व्हायचं. पुढल्या लहानग्यांना ते कधी सांगायचं नाही. असं एकवीस वर्षं चाललं, आणि मग आली मार्गीत.

मार्गीत ही आनामायची नात. आनामाय म्हणजे आमच्याकडची कवंद शिवण्यात सगळ्यांत वाकबगार म्हातारी. कवंद म्हणजे गोधडीच, घरातल्या फाटक्या लुगड्यांची. मार्गीत दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. जुझिना त्या दिवशी तिचंच नाव घालून वाचत होती. पोर उठून पुढे आली, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यात 'मार्गीत' कुठाय?"

"नाही गं. मी आपली घालते."

"मग कोण आहे?"

"कमला."

"मग कमलालाच वाचू दे की," असं म्हणून मार्गीत जाग्यावर जाऊन बसली.

ती जी बसली ती तीन वर्षं. फळ्यावरचं उतरवून काढायची, अक्षर मोत्यासारखं. पण पुस्तक समोर ठेवलं की ओठ शिवल्यासारखे. गोड बोलून झालं, रागावून झालं, उसाचा तुकडा दाखवून झाला. बघता बघता पोर पाचवीत आली. आमची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीला हल्याळच्या हॉस्टेलात जायचं, आणि तिथली चर्चची सिस्टर नव्या पोरीला समोर बसवून एक पान वाचायला लावते. नाही वाचलं तर आल्या वाटेनं घरी.

"नाही वाचत तर नाही," आनामाय म्हणाली. "मडगावला कामाला आहे ना कार्मिण, ती नेते म्हणतेय. तिच्या बंगल्यातल्या बाईला बाळ सांभाळायला पोरगी हवीय. मार्चात सां जुझेच्या फेस्ताला, सणाला, येईल ती, जाताना घेऊन जाईल."

"अकरा वर्षांची आहे ती, माय!"

"मी अकराव्या वर्षी दोन बाळं सांभाळत होते. तुला धरून," आनामाय म्हणाली.

जुझिनाला अन्न गोड लागेना. या पोरीच्या हातात काय द्यायला हवं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्यासारखी मुलगी ज्यात छापलेली आहे असं पुस्तक. अक्कोरूंनी तोंडानं घातलेली नव्हे, शाईनं छापलेली. आणि तसलं पुस्तक जगाच्या पाठीवर नव्हतं. चोवीस वर्षं शोधून झालं होतं तिचं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी ते पोस्टानं आलं.

शाळा सुटली होती. हेडमास्तर महिनाभराच्या ट्रेनिंगला शिरसीला गेलेले, त्यामुळे पार्सल हिनंच फोडलं. चार वर्षांपूर्वी बंगळूरची एक बाई आली होती, चार दिवस जुझिनाच्याच घरी राहिली होती, फणस खाल्ला होता, हजार गोष्टी विचारून वहीत टिपल्या होत्या. तिनं पुस्तक केलं होतं आणि एक प्रत शाळेला पाठवली होती. वर मुलगी. काळी, दाट कुरळ्या केसांची, पुढचा एक दात पडलेला, कवंद पांघरून हसणारी.

जुझिनानं ते दोन्ही हातांनी तोंडासमोर धरलं. "अगं माझ्या बाये," म्हणाली. मोठ्यानं हसली, एकटीच. मार्गीत! मार्गीतला दाखवते आता, सोमवारी सकाळी पहिलं काम हेच! पानं उलटली. मुंग्यांची चटणी वाटणारी आजी. ढोल. मधाचं पोळं. मुलीचं नाव रेमेत. रेमेत! आमच्या वाडीत तीन रेमेत आहेत. आनंदानं तिचा ऊर भरून आला, आणि तो खरा आनंद होता, त्यात काही भेसळ नव्हती. शाळेतल्या चुलीवर चहाला आधण येईपर्यंत टिकला.

मग आधणात पूड टाकता टाकता तिच्या मनात आलं. आपण सोमवारी हे पुस्तक पोरांपुढे ठेवणार, आणि सहा-सात वर्षांची शेंबडी पोरं ते असं उघडतील, सहज, शेंगा सोलाव्यात तसं. "ही बघ मी," म्हणतील आणि पुढचं पान उलटतील. त्यांना वाटेल पुस्तकं अशीच असतात. आणि मी? मी त्यांच्याएवढी होते तेव्हा कुठे होतं हे? बेचाळीस बायकांचे केस मी हातानं कुरळे केले. मला ऊन मिळालं.

तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी नेलं. उद्याचा रविवार वाचून घेऊ, सोमवारी नेऊ. यात वाईट काय?

सोमवारी नेलं नाही. मंगळवारीही नाही. रोज संध्याकाळी दार लोटून घ्यायची आणि ते मांडीवर घेऊन बसायची. वाचून पाठ झालं तरी बसायची. कधी त्या रेमेतच्या केसांवरून बोट फिरवायची, तर कधी बंगळूरच्या बाईला शिव्या घालायची: चार दिवस राहिली, माझ्या घरचं खाल्लं, आणि जे चोवीस वर्षं माझ्या पोटात होतं त्याची बाळंतीण होऊन बसली! पण त्या बाईवरचा राग वरवरचा होता. खरा जळफळाट पोरांवर होता. शाळेत ती त्यांच्याकडे बघायची आणि तिच्या मनात यायचं, तुमचं काय बाबा, तुम्हाला आयतं. पावलूनं नाक ओढलं तरी खेकसायची. "ढोल वाजवायला येतो, नाक पुसायला येत नाही?" पोरं एकमेकांकडे बघायची. अक्कोरूंना झालंय काय, त्यांना कळेना. तिला सगळं कळत होतं, म्हणून तर तिचा संताप आणखी वाढत होता.

आठव्या की नवव्या दिवशी तिला पुस्तकात चूक सापडली. मुखपृष्ठावरचं कवंद, आतल्या पानांवरचं कवंद, सगळीकडे चारी कोपरे रिकामे. आता आमच्याकडे कुठलीही शेंबडी पोर सांगेल की कवंदाच्या चार कोपऱ्यांना घड्या घालून चिंध्यांची फुलं शिवतात, आणि फुलांशिवायचं कवंद म्हणजे नागडं. ते कुणाला द्यायचं नसतं, बाळावर तर घालायचंच नसतं. जुझिनाला असा आनंद झाला म्हणता! धरलं की नाही हिला? चार दिवस राहून हेच बघितलंस का बाई? आणि असलं चुकीचं पुस्तक मी पोरांच्या हातात कसं देऊ? मी अक्कोरू आहे, माझी काही जबाबदारी आहे की नाही?

अशी तिनं आपली समजूत काढली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. फेस्त जवळ येत होतं. मार्गीत रोज समोर बसत होती, ओठ मिटून. तिच्याकडे बघायचं जुझिनानं सोडून दिलं होतं.

पंधराव्या दिवशी, रविवारी, चर्चातली मिस सुटल्यावर आनामाय नातीला घेऊन तिच्या घरी आली. कार्मिण गुरुवारी येतेय, पोरीचा शाळेचा दाखला लागेल का, एवढंच विचारायचं होतं. जुझिना चहा करायला आत वळली. बाहेरची खोली एवढीशी. पुस्तक उशीखाली होतं, आणि त्याचा एक कोपरा बाहेर आलेला होता, हे तिला दिसलं तेव्हा उशीर झाला होता. मार्गीतनं ते ओढून बाहेर काढलं होतं.

पोर बघतच राहिली. मग आपल्या तोंडाला हात लावला, मग केसांना. "माय," ती हळूच म्हणाली, "ही मी."

आणि जुझिनानं झडप घालून ते पुस्तक तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"हात लावू नकोस!"

"तुमचं आहे?" मार्गीतनं विचारलं.

"हो. माझं आहे."

ती "माझं" अशा आवाजात म्हणाली की तिचं तिलाच ऐकवेना. मार्गीत वळली. दारातल्या चपला घालून चालू लागली. पोरगी दिसेनाशी होईपर्यंत आनामाय थांबली, मग खाटेवर बसली.

"चोवीस वर्षं पोरांच्या हातात पुस्तकं कोंबत होतीस. आज ओढलंस?"

"माय, चूक आहे त्यात. हे बघ, कोपऱ्यांना फुलं नाहीत."

आनामायला अक्षर येत नाही, पण कवंद येतं. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि हसली. "आहेच की नागडं. मग? तुझ्या घरात सुई नाही? चिंध्या संपल्या बेणकोप्पातल्या?" आणि मग हसू आवरून म्हणाली, "जुझिने, कोपऱ्यांसाठी बाईमाणूस अशी झडप घालत नाही. माझ्या थोरल्या सुनेनं पहिलं बाळ दवाखान्यात जन्माला घातलं, खाटेवर, नर्सच्या हातात. माझी पहिली तीन गोठ्यात झाली, त्यातली दोन गेली. नातू बघायला गेले तेव्हा लोकांना वाटलं म्हातारी आनंदानं रडतेय. मी जळत होते गं. सुनेच्या त्या पांढऱ्या चादरीकडे बघून जळत होते."

"मग काय केलंस?"

"काय करणार? बाळाला कवंद शिवलं. जळत जळतच शिवलं. कवंदाला काय कळतंय?"

चहा तसाच उकळून आटला. आनामाय गेल्यावर जुझिना बराच वेळ रडली. आधी स्वतःसाठी, मग मार्गीतसाठी, मग पुन्हा स्वतःसाठीच.

सोमवारी पुस्तक शाळेत नेलं. मार्गीत आलेली नव्हती. जुझिनानं ते पोरांपुढे जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली, कारण पुन्हा ओढून घेईन की काय अशी तिला स्वतःचीच भीती वाटत होती. पोरं तुटून पडली. "ए, ही आमची रोजा!" "गप, ही माझी आते आहे!" "मुंग्यांची चटणी, मुंग्यांची चटणी!" पावलूनं चित्रातल्या ढोलावर दोन थापा मारल्या. सहा वर्षांच्या रोजानं तर पानावर गालच टेकला आणि उठेना.

बघता बघता कुणीतरी किंचाळलं, "अक्कोरू, कवंद नागडं आहे!" झालं. सगळी हसून हसून लोळली. मग चिंध्या शोधायला पळापळ. डब्यातला भात काढला आणि भाताच्या शितांनी प्रत्येक पानावर, कवंदाच्या प्रत्येक कोपऱ्यावर, लाल-हिरव्या-पिवळ्या चिंध्यांची बारकी फुलं चिकटवली. पुस्तक फुगून दुप्पट झालं. जी चूक ती आठवडाभर छातीशी कवटाळून बसली होती ती पोरांनी पाऊण तासात निस्तरली. जुझिना बघत होती. तिला हसू येत होतं आणि पोरांवरचा तो जळफळाटही जागच्या जागी होता. एकेका पोराकडे बघून तिला आलटून पालटून दोन्ही होत होतं.

दुपारी ती पुस्तक घेऊन आनामायच्या अंगणात गेली. मार्गीत काजू वेचून आली होती, पाटीतले काजू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मार्गीत, हे बघ काय आणलंय."

"ते तुमचं आहे."

"नाही. शाळेचं आहे. मी चोरलं होतं."

आता मात्र मार्गीतनं वर बघितलं. अक्कोरूंनी चोरी केली? "का?"

जुझिना तिच्यासमोर मातीतच बसली. खोटं सांगणं सोपं होतं, सवयीचं होतं. "हेवा वाटला म्हणून," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"तुझा. तुम्हा सगळ्यांचाच, पण जास्त तुझा."

मार्गीत फिसकन हसली. "माझा? माझ्याकडे काय आहे?"

"हे आहे. तू अकरा वर्षांची आहेस आणि तुझ्याकडे हे आहे. मी अकरा वर्षांची होते तेव्हा नव्हतं. मला पन्नासाव्या वर्षी मिळालं, तेही तुमच्या नावानं आलेलं. मला ते बघवलं नाही गं, म्हणून मी दडवून ठेवलं. तुला वाचता यावं म्हणून तीन वर्षं जीव टाकत होते, आणि वेळ आली तेव्हा मीच आडवी आले."

मार्गीतनं थोडा वेळ तिच्याकडे निरखून बघितलं, मध खरा की गुळाचा पाक ते बघतात तसं. मग हात काजूच्या चिकाचे होते ते फ्रॉकला पुसले आणि पुस्तक घेतलं.

"वाचून दाखवू?" जुझिनाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"नको. तुम्ही खोटं वाचता."

आणि पोरीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तीन वर्षं गंजलेलं वाचन ते. चाक चिखलातून निघावं तसं एकेक अक्षर निघत होतं. "मा-झं. ना-व." बोट थांबलं. "रे. मे. त." तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "माझं नाव रेमेत." मग जुझिनाकडे संशयानं बघितलं.

"रेमेत म्हणजे वरच्या घरातली रेमेतमावशी?"

"तिच्यासारखी दुसरी. पुस्तकातली."

"हे तुम्ही घातलंत?"

"नाही. छापलंय."

"शप्पथ?"

"चर्चातल्या सायबिणीची शप्पथ. नख लावून बघ, निघत नाही."

मार्गीतनं खरोखर नख लावून बघितलं. निघालं नाही. मग ती पुढे वाचू लागली. विश्वास ठेवून नव्हे, पकडायला. प्रत्येक ओळीत अक्कोरूंनी काहीतरी घुसवलं असणार, ते शोधून काढायला तिनं एक अक्षर सोडलं नाही. मुंग्यांची चटणी पकडली, ती खरी निघाली. ढोल पकडला, तोही खरा. चुलीपुढली आनामाय काम टाकून दारात येऊन उभी राहिली. बत्तीस पानं वाचून व्हायला संध्याकाळ झाली. शेवटच्या पानावर मार्गीतचा आवाज घोगरा झाला होता. जुझिनाचे डोळे वाहत होते, आणि तेव्हाही, देवाशप्पथ, तिला त्या पोरीचा हेवा वाटत होता. फक्त आता तिला तो लपवावासा वाटला नाही.

"सगळं खरंच आहे," मार्गीत म्हणाली. तिची जराशी निराशाच झालेली दिसली.

मंगळवारी ती शाळेत आली तर तिथे युद्ध पेटलेलं. एक पुस्तक, सव्वीस पोरं, आणि प्रत्येकाला ते घरी न्यायचं होतं. मार्गीतनं दोघांना धपाटे घातले, पुठ्ठा घेतला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात यादी केली: लहान आधी, एकाला एक दिवस, भातानं चिकटवलेली फुलं उचकटली तर नंबर रद्द. स्वतःचा नंबर तिनं बाविसावा घातला.

गुरुवारी कार्मिण आली, फेस्त झालं, शनिवारी निघायची वेळ झाली. मार्गीत आपली पिशवी भरेना.

"माझा बाविसावा नंबर आहे," तिनं सांगितलं. "तो झाल्याशिवाय मी कुठं जात नाही."

"कसला नंबर? रेशनचा?" कार्मिण म्हणाली.

"पुस्तकाचा."

"अगो बाई! माय, हिला भूत लागलं काय?"

"लागलंय," आनामाय म्हणाली. सोमवारची संध्याकाळ तिनं दारात उभं राहून ऐकली होती. "ती जूनात हॉस्टेलला जाईल. तुझ्या बाळवाल्या बाईला दुसरी कुणी बघ. आणि उभी आहेस तर ऐक जरा, कशी वाचते ती."

मार्गीतनं शाळेचं धड्यांचं पुस्तक उघडलं, आणि कार्मिण ऐकता ऐकता बसली. तिची बस गेली.

आता राहिली जुझिना. पुस्तक सोडल्यापासून तिच्या संध्याकाळी ओक्याबोक्या झाल्या होत्या. यादीचा पुठ्ठा भिंतीला लागला त्या दिवशी पोरं पांगल्यावर तिनं मार्गीतला हळूच विचारलं, "मला एक दिवस मिळेल का गं?"

"तुम्ही तर पंधरा दिवस नेलं होतं."

"ते चोरून. तसं नाही. पोरं नेतात तसं."

मार्गीतनं पेन्सिल घेतली आणि सगळ्यात खाली लिहिलं: सत्तावीस, जुझिना अक्कोरू. मग बोटांवर मोजलं. "तेविसाव्या नंबरनंतर सुट्टी लागते. तुमचा जूनात येईल."

कपाटाची किल्ली जुझिनाच्या कमरेला होती. वाटलं असतं तर कुठल्याही दिवशी नेता आलं असतं. नेलं नाही. तेविसावा नंबर पावलूचा, त्यामुळे अख्खी एप्रिल-मेची सुट्टी पुस्तक त्या शेंबड्याच्या घरी. या वर्षी ती धारवाडलाही गेली नाही. ताक मागायच्या निमित्तानं, कोयता परत करायच्या निमित्तानं ती पावलूच्या दारावरून जायची. तो ओट्यावर पुस्तक उघडून बसलेला असायचा आणि ही दिसली की मुद्दाम मोठ्यानं वाचायचा. तिचा नुसता तिळपापड व्हायचा. तशीच घरी यायची आणि बोटांवर दिवस मोजायची.

जूनात शाळा उघडली. चोवीस, पंचवीस, सव्वीस झाले. गुरुवारी सकाळी मार्गीत पत्र्याची पेटी घेऊन हल्याळच्या बसला निघाली होती, आनामाय मागून कवंदाची वळकटी घेऊन. मार्गीत वाट वाकडी करून शाळेत आली, सव्विसाव्या नंबरकडून पुस्तक घेतलं, सगळी फुलं तपासली, आणि जुझिनाच्या हातात दिलं.

"एकच दिवस हं, अक्कोरू," ती म्हणाली. "पहिलीतल्या नव्या पोरांनी नावं घातलीयत. तुमच्या मागे लोक आहेत."

"उद्या सकाळी आणते," जुझिना म्हणाली आणि पुस्तक पदराखाली घेतलं.